प सा ग ध : युकुलेले शिकणाऱ्यांच्या शंका

मागच्या महिन्यात एका वाचकाला गिटारबद्दल उत्तर देताना मी जाता जाता लिहिलं होतं की बोटं फारच दुखत असतील तर वाद्य सोडू नका, काही दिवस युकुलेले धरून बघा, चारच तारा आणि त्याही नायलॉनच्या. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर युकुलेलेलाच दिलंय. बरेच प्रश्न सारखेच होते, त्यातले काही निवडलेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय पण ते सगळ्यांनीच वाचा, पुढच्या उत्तरांमध्ये त्याचा आधार घेतलाय.

मी ६१ वर्षांची, नाशिकला राहते. लहानपणी सात-आठ वर्षं पेटी शिकले. नातवाचा युकुलेले तो होस्टेलला गेल्यापासून कपाटावर पडून आहे, तो आपण वाजवावा असं फार मनात येतं. पण व्हिडिओ लावले की सगळे जी-सी-ई-ए आणि कॉर्ड असलंच बोलतात, मला त्यातलं काही कळत नाही. आणि सगळ्यात वरची तार बारीक आहे, नातवाने चुकीची लावलीय का?

काकू, तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण तुम्हाला जे येत नाही असं वाटतंय त्यातलं बरंचसं तुम्हाला येतंय, फक्त नावं वेगळी आहेत. युकुलेले छातीशी धरा. हनुवटीच्या बाजूची तार जी, म्हणजे तुमच्या पेटीवरची पांढरी पाच. तिच्या खालची सी म्हणजे पांढरी एक, मग ई म्हणजे पांढरी तीन, आणि जमिनीकडची ए म्हणजे पांढरी सहा. आता पांढरी एकचा सा धरा आणि चारही तारा एकेक करून छेडा, काय ऐकू येतं? प, सा, ग, ध. भूप रागाच्या पाच सुरांपैकी चार सूर तुम्ही कुठेही बोट न ठेवता वाजवलेत! राहिला फक्त रे, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात आहे. (पडदा म्हणजे फ्रेट, दांड्यावरच्या त्या धातूच्या पट्ट्या. बोट पट्टीवर ठेवायचं नाही, पट्टीच्या जरा अलीकडे, तिला जवळजवळ टेकून ठेवायचं, म्हणजे कमी जोरात स्वच्छ सूर येतो.)

म्हणून मी पेटीवाल्यांना भूपापासूनच सुरू करायला सांगते. सा च्या तारेवर मोकळा सा आणि दुसऱ्या पडद्यात रे, मग ग ची तार मोकळी, त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यात प, मग ध ची तार मोकळी, आणि त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यात वरचा सा. झाला आरोह. शुद्ध सप्तक हवं असेल तर ग च्या तारेवर पहिल्या पडद्यात म आणि ध च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात नी, एवढीच भर. तुम्ही पेटीवर जे पलटे घासून घासून केले असतील तेच इथे करा, सारेग रेगम गमप. आठ दिवसात बोटांना जागा कळतील.

तार बारीक आहे ती बरोबरच आहे, नातवाने काही चुकवलेलं नाही. युकुलेलेत पंचमाची ती वरची तार सा आणि ग पेक्षा उंच लावतात, म्हणजे तारा खालच्या सुरापासून वरच्या सुराकडे ओळीने जात नाहीत. गिटारवाल्यांना याचं फार नवल वाटतं, तुम्हाला वाटू नये, आपल्या तानपुऱ्यात नाही का सगळ्यात खालचा खर्ज शेवटच्या तारेला. त्या उंच पंचमामुळेच तारांवरून हात फिरवला की तो चमकता, हलका आवाज येतो. काही लोक मुद्दाम जाड तार लावून तो प एक सप्तक खाली आणतात, त्याला लो-जी म्हणतात, सुरावट वाजवायची असेल तर ते छान, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

आता कॉर्ड. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकत्र, बस. सा-ग-प एकत्र म्हणजे सी कॉर्ड. तुमच्या मोकळ्या तारा प सा ग ध, त्यातल्या ध च्या तारेवर अनामिका तिसऱ्या पडद्यात ठेवली की ध चा वरचा सा होतो, म्हणजे प सा ग सां, सी कॉर्ड तयार, एका बोटात. ते बोट उचला, आणि प च्या तारेवर मधलं बोट दुसऱ्या पडद्यात ठेवा, प चा ध होईल, ध सा ग ध, हा ए मायनर. मधलं बोट तसंच ठेवून ग च्या तारेवर पहिल्या पडद्यात तर्जनी ठेवा, ग चा म झाला, ध सा म ध, हा एफ. आणि प रे म नी असं एकत्र आलं की जी सेव्हन. या चार कॉर्डवर किती भावगीतं, भजनं निघतात ते तुम्हीच शोधा, तुमचा कान तयार आहे म्हणून व्हिडिओपेक्षा कानावर भरवसा ठेवा असं मी तुम्हाला तरी नक्की सांगेन.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते म्हणजे मागाहून वाईट वाटणार नाही. पेटीसारखा भाता यात नाही, सूर छेडला की लगेच विझतो, लांब मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) मिळत नाही. त्यामुळे संथ आलापीची हौस यावर भागणार नाही. ठेक्यात चालणारं गाणं मात्र यावर असं फुलतं की बघत राहावं.

मी कोल्हापूरला सेकंड इयरला आहे. ऑनलाइन ८०० रुपयांपासून युकुलेले दिसतात, मित्र म्हणतो पहिला स्वस्तातलाच घे. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर यात नक्की काय फरक? माझी बोटं जाड आहेत.

मित्रा, ८०० वाला घेऊ नकोस, प्लीज. मी स्वतः पहिला असाच घेतला होता एका दुकानातून, दिसायला सुंदर, निळा रंग. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लागायच्या पण तिसऱ्या पडद्यात बोट ठेवलं की सूर चढाच यायचा, कारण पट्ट्याच चुकीच्या अंतरावर ठोकल्या होत्या. दोन महिने मला वाटत राहिलं की माझा कान खराब आहे. नवशिक्याला हे ओळखताच येत नाही, आणि यातच कितीतरी जण वाद्य सोडतात.

दुकानात गेलास तर एवढं बघ: तार मोकळी वाजव, मग तीच तार १२ व्या पडद्यात दाबून वाजव, तोच सूर एक सप्तक वर यायला हवा. फोनवरच्या ट्यूनर ॲपला लगेच कळतं. दांड्याच्या कडेवरून हात फिरव, पट्ट्यांची टोकं बोचायला नकोत. पहिल्या पडद्यात दाबताना फार जोर लागत असेल तर तारा तिथे उंच आहेत, तो ठेवून दे. साधारण ३ ते ५ हजारात लॅमिनेटचा, म्हणजे प्लायसारख्या थरांच्या लाकडाचा, धड वाद्य मिळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरे.

साइझचं म्हणशील तर सोप्रानो साधारण २१ इंच, कॉन्सर्ट २३, टेनर २६. तिघांचे सूर तेच, जी-सी-ई-ए. मोठं होत जातं तसं पट्ट्यांमधलं अंतर वाढतं आणि आवाज भरदार होतो. जाड बोटांना कॉन्सर्ट बरा पडेल. ३० इंचाचा बॅरिटोन मात्र वेगळा, तो डी-जी-बी-ई असा लावतात, म्हणजे गिटारच्या जमिनीकडच्या चार तारा, व्हिडिओतले युकुलेलेचे कॉर्ड त्यावर धरलेस तर वेगळेच सूर येतील. चुकून तो घेऊ नकोस.

मुलगी ८ वर्षांची आहे, डोंबिवलीला राहतो. तिला गिटार हवीय, पण क्लासचे सर म्हणतात आधी युकुलेले शिकू दे. यात तिचा वेळ वाया जाईल का?

ताई, सर बरोबर सांगतायत. गिटारच्या स्टीलच्या तारांनी या वयाच्या मुलांची बोटं सोलवटतात आणि दांडाही हातात मावत नाही. युकुलेलेवरचे बोटांचे आकार पुढे गिटारवर जसेच्या तसे चालतात, गिटारच्या पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला तर जमिनीकडच्या चार तारा जी-सी-ई-ए च होतात, फक्त तो वरचा जी एक सप्तक खाली असतो. तेव्हा वेळ वाया जायचा प्रश्नच नाही. कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये चाल्मर्स डोएन या शिक्षकाने १९६० च्या दशकात मुलांना संगीत शिकवायला युकुलेलेच निवडला आणि तिथून तो कॅनडाभरच्या शाळांत पसरला.

माझं एवढंच मागणं आहे की तिला रोज अर्धा तास बसवू नका. दहा मिनिटं, पण रोज. आणि वाद्य बॅगेत बंद करून ठेवू नका, हाताशी येईल असं भिंतीवर टांगा, येता जाता उचललं जाईल.

पुण्यात आयटीत आहे, तीन आठवडे झाले सुरू करून. सी, ए मायनर, एफ, जी सगळे कॉर्ड वेगवेगळे येतात पण बदलताना गाणं थांबतं. स्ट्रमिंग तर जमतच नाही, खाली-खाली-वर-वर-खाली-वर असं पाठ केलंय तरी हात अडकतो.

हे पत्र मला अक्षरशः दहा-बारा जणांकडून आलंय, तेव्हा एकटं वाटून घेऊ नका. तुम्ही कॉर्ड पाठ केलेत, बदल पाठ केले नाहीत. गाण्यात खरं काम असतं ते दोन कॉर्डच्या मधे.

जी ऐवजी काही दिवस जी सेव्हन धरा आणि हे बघा: ए मायनरवरून एफ ला जाताना मधलं बोट हलतच नाही, नुसती तर्जनी येऊन बसते. एफ वरून जी सेव्हनला जाताना तर्जनी हलत नाही, ती म वरच राहते, मधलं बोट सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात सरकतं आणि अनामिका ध च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात. म्हणजे प्रत्येक वेळी एक बोट खुंटीसारखं रोवलेलं आणि बाकीची त्याच्या आधाराने फिरतात. सगळी बोटं हवेत उचलून परत पहिल्यापासून मांडायची, ही सवय लागली असेल तर ती मोडा. एका मिनिटात दोनच कॉर्डमध्ये किती वेळा स्वच्छ अदलाबदल होते ते मोजा, वहीत लिहा, रोज तेवढंच. आठवड्यात आकडा वाढलेला दिसेल. आणि बदलताना उशीर झाला तरी उजवा हात थांबवायचा नाही, चुकीचा कॉर्ड वाजला तर वाजू दे, ठेका तुटला की मात्र गाणं संपलंच.

आता स्ट्रमिंग. ते खाली-खाली-वर-वर पाठ करू नका, त्याच्यापेक्षा केरवा मोजा. आठ मात्रा, धागेनाति नकधिन. हात पेंडुलमसारखा सतत खाली-वर खाली-वर, विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर, आठही मात्रा हात हलता. फक्त दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तारांना न शिवता हवेतून जायचं. करून बघा: १ ला खाली, २ हवेत, ३ ला खाली, ४ ला वर, ५ हवेत, ६ ला वर, ७ ला खाली, ८ ला वर. झालं की तुमचं खाली-खाली-वर-वर-खाली-वर! जे दोन वर लागोपाठ येतात आणि हात अडकवतात त्यांच्या मधे तो पाचव्या मात्रेचा रिकामा खालचा हात आहे, तो व्हिडिओत दिसतो पण कोणी नीट सांगत नाही. आधी तारा तळहाताने मुक्या करून नुसता ठेका धरा, कॉर्ड नंतर. दादऱ्यातलं गाणं असेल तर सहा मात्रा, सगळे फटके खाली, पहिला आणि चौथा जोरात, बाकी हलके, एवढ्यावरही गाणं छान चालतं.

आणि गिटारसारखं भोकावर वाजवू नका, दांडा जिथे वाद्याच्या लाकडी खोक्याला मिळतो त्याच्या आसपास वाजवा, आवाज गोड होतो. खाली येताना तर्जनीचं नख, वर जाताना बोटाचा मऊ भाग.

चिपळूणहून लिहितोय. नवीन युकुलेले दर दहा मिनिटांनी बेसूर होतो. दुकानदार म्हणतो पावसामुळे. बदलून घ्यावा का?

लगेच नको. नवीन नायलॉन तार पहिले आठ-पंधरा दिवस ताणत राहते, ऊन असो की पाऊस, सगळ्यांचाच होतो. सुरात लावायचा, प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच ओढायची, उतरली की परत चढवायची, असं रोज चार-पाच वेळा. सूर लावताना नेहमी खालून वर यायचं, सूर चढला असेल तर आधी जास्त उतरवून मग वर आणायचा, नाहीतर खुंटीतली ढील नंतर सुटते. खुंट्या दात्यांच्या नसून साध्या असतील तर मागच्या टोकाला बारीक स्क्रू असतो, खुंटी आपोआप फिरत असेल तर तो किंचित आवळा. महिन्याभरानंतरही हेच चालू राहिलं तर मग दुकानदाराकडे जा.

पावसाचं म्हणाल तर कोकणात अख्ख्या लाकडाचं, सॉलिड म्हणतात ते महागडं वाद्य घेऊच नका असं नाही, पण ते हवेतला ओलावा पिऊन फुगतं, तारा पट्ट्यांपासून वर उठतात. लॅमिनेट हे बरंच सोसतं. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आणि कोकणातल्यापेक्षा देशावरच्यांना जास्त सांगते, मे महिन्यात बंद गाडीत वाद्य ठेवू नका. सोलापूरजवळ जेवायला थांबलो होतो, तासभर, परत येऊन बघते तर डिंक मऊ होऊन घोडी, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तो लाकडी तुकडा, निम्मी उचकटलेली. ते वाद्य नंतर चिकटवून आणलं पण आवाज पहिल्यासारखा राहिला नाही, अजून हळहळ वाटते.

मडगावहून. आमच्याकडे म्हणतात युकुलेले मूळचा पोर्तुगीज. मग हवाईचा का म्हणतात?

दोन्ही खरं. ऑगस्ट १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून चारशेवर माणसं घेऊन होनोलुलूला आलं, उसाच्या मळ्यांवर कामाला. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दु एस्पिरितु सांतु हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेरात माशेते नावाचं चार तारांचं छोटं वाद्य वाजवायचे, त्यावरून आणि तिथल्याच रजाव या वाद्यावरून या लोकांनी हवाईच्या कोआ लाकडात नवं वाद्य घडवलं. कालाकाउआ राजाला ते आवडलं, दरबारात आणि हुलाच्या नाचात वाजायला लागलं, आणि बघता बघता तिथल्या लोकांचंच झालं. नावही त्यांचंच, हवाईयन भाषेत उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं, तारांवर बोटं अशी टणाटण उडताना बघून पडलं असं सांगतात. तिकडे उच्चारही ऊकुलेले असा करतात. १९१५ च्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकलं आणि मग सगळीकडे लाट आली. होनोलुलूतलं कमाका घराणं १९१६ पासून आजही युकुलेले बनवतंय.

पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे त्यांची ही छोटी तंतुवाद्यं गेली, ब्राझीलमध्ये काव्हाकिन्यू झाला, इंडोनेशियात क्रोंचोंग. तुम्ही गोंयकार, तेव्हा हे वाद्य हातात घेताना दूरच्या नात्यातलं कोणी भेटल्यासारखं वाटलं तर ते अगदी साहजिक आहे.

वडील हवाईयन गिटार वाजवायचे. युकुलेले म्हणजे तीच का? (सातारा)

नाही. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवतात, ती पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटी हवाईच्या जोसेफ केकुकू यांच्या नावावर आहे. तिच्यात मींड मिळते म्हणून ती आपल्याकडे रुजली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले, पुढे विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आली. वडिलांची गिटार घरात असेल तर ती जपा, दुरुस्त करून घ्या, तशी वाद्यं आता सहज मिळत नाहीत.

भजनी मंडळात गाते, माझी पट्टी काळी चार. युकुलेलेवर सी कॉर्ड धरून गायला गेलं की आवाज एकतर खर्जात जातो नाहीतर फार वर. वाद्य बदलू का? (अकोला)

ताई, वाद्य नका बदलू, सा बदला. सी कॉर्ड घेऊन गायचं म्हणजे पांढरी एकमध्ये गायचं, ती तुमची पट्टीच नाही. व्हिडिओतला माणूस त्याच्या गळ्याला सोयीचे कॉर्ड शिकवतो आणि आपण तेच धरून बसतो, हा सगळा घोळ तिथला आहे.

पांढरी पाचचा सा धरला की मुख्य कॉर्ड जी, सी आणि डी. या तिघांत गाणं बसवा. जी म्हणजे सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यात तर्जनी, ध च्या तारेवर दुसऱ्यात मधलं बोट, ग च्या तारेवर तिसऱ्यात अनामिका. डी म्हणजे वरच्या तिन्ही तारा दुसऱ्या पडद्यात दाबायच्या आणि जमिनीकडची मोकळी. आता युकुलेलेचा एक छोटा कॅपो घ्या, तो चिमटा पहिल्या पडद्यात लावा आणि बोटांचे तेच आकार कॅपोच्या पुढे धरा, सगळं अर्ध्या सुराने चढतं आणि पांढरी पाचची काळी चार होते. पुरुषांचं बघायचं तर काळी एकवाल्यांनी पहिल्या पडद्यात कॅपो लावून सी, एफ, जी चे आकार धरावेत, आणि पांढरी दोनवाल्यांनी कॅपोशिवाय डी, जी, ए.

मंडळाच्या पेटीबरोबर वाजवणार असाल तर ट्यूनर बाजूला ठेवा. जुन्या पेट्या बऱ्याचदा ट्यूनरच्या सुरापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात, आणि पेटीचा सूर काही भजनाच्या वेळी बदलता येत नाही. पेटीवाल्या काकांना पांढरी पाच, एक, तीन, सहा असे सूर एकेक करून धरायला सांगा आणि कॅपो लावायच्या आधी चारही तारा त्यांना मिळवून घ्या. कॅपो लावल्यावर काळी चार परत एकदा पेटीशी ताडून बघा, चिमट्याच्या दाबाने तारा जराशा चढतात.